खिडकीखालच्या निळ्या गोळ्या

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेमागचं गवत काढत होतो, तर सातवीच्या खिडकीखाली निळ्या गोळ्या पडलेल्या. दर सोमवारी खिचडी झाल्यावर मीच वाटलेल्या, लोह आणि फॉलिक आम्लाच्या. रजिस्टरात मात्र सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण.

वर्गात चिडून विचारलं. मागच्या बाकावरून पुटपुटणं ऐकू आलं, “बाई, शी काळी होते. आई म्हणाली, पोटात काहीतरी बिघडतंय, घेऊ नको.”

जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, पण हे आधी सांगायचं मला सुचलं नव्हतं. गोळीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, उरलेलं बाहेर पडतं, म्हणून रंग काळा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. वर लगेच चहा प्यायला तर लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू, आवळा, पेरू खाल्ला तर जास्त शोषलं जातं. पाच मिनिटांचं काम! ही साप्ताहिक गोळ्यांची योजना २०१२-१३ पासूनची. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागे ५९ जणींना आणि शंभर मुलग्यांमागे ३१ जणांना रक्तक्षय निघाला.

मग एकीने विचारलं, “पाळीत घेतली तर जास्त जातं का?” मुलगे खाली बघायला लागले. आमच्या वेळी बाई अशा वेळी मुलग्यांना मैदानावर पिटाळायच्या. माझ्याही तोंडावर तेच आलं होतं, पण गिळलं. “नाही, उलट पाळीत रक्त जातं म्हणूनच गोळी लागते,” असं सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही.

आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मासिक पाळीचा धडा येतो दहावीत. तोवर बहुतेकींना पाळी येऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं, तिथेच २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला. पुढे २०२० मध्ये केंद्राने शाळेतल्या दोन-दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायची योजना आणली. चांगलीच आहे, पण तास कुठून काढायचा? ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’चा तास आमच्याकडे कबड्डीतच संपतो.

सध्या सोमवारची खिचडी झाली की पंधरा मिनिटं मी गणिताकडून उसनी घेते.

पालकहो, सोमवारची गोळी फेकायला सांगू नका. शंका आली तर शाळेत या. आईने यावं, बापानेही यावं.