एक जिम, दोन लांडगे

पडद्यावरची पोरं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात 'कॅरी'च्या डोक्यावर डुकराच्या रक्ताची बादली उपडी झाली आणि आपण थांबलो. आज जरा हसायचं आहे. पण त्याआधी १९५७ सालच्या एका शाळेत डोकावून येऊ.

जिममध्ये एक मुलगी एकटीच कसरत करतेय. तिच्याकडे बघत टोनी नावाचा तापट पोरगा उभा आहे. इतक्यात त्याच्या कानाशी शाळेची घंटा खणखणते आणि टोनीचा लांडगा होतो. मुलगी जिवानिशी जाते. हा 'आय वॉज अ टीनेज वेअरवूल्फ', नायक मायकेल लँडन. टोनीचं डोकं थंड व्हावं म्हणून त्याला ज्या डॉक्टरकडे धाडलेलं असतं, तोच त्याला संमोहित करून आदिम अवस्थेत ढकलतो. शेवट पोलिसांच्या गोळीने. तरण्या पोराच्या आत काहीतरी हिंस्र दडलंय, ही त्या काळच्या अमेरिकी आईबापांची धास्ती चित्रपटाने दात-नखं लावून पडद्यावर आणली.

आता १९८५. पुन्हा शाळेची जिम, पुन्हा लांडगा. बास्केटबॉलचा सामना चालू आहे आणि बीव्हर्स संघ नेहमीप्रमाणे मार खातोय. बॉलसाठी झोंबाझोंबी होते, चार-पाच जण एकमेकांवर कोसळतात आणि त्या ढिगाऱ्याखालून स्कॉट हॉवर्ड वर येतो तो अंगभर केसांनिशी. सगळी जिम चिडीचूप. कोणी पळत नाही, कोणी किंचाळत नाही. लांडगा बॉल घेऊन धावतो, उंच उडी मारून बास्केटमध्ये कोंबतो, आणि क्षणभराने प्रेक्षक टाळ्या पिटू लागतात. सामना पुढे चालू!

'टीन वूल्फ'ची सगळी गंमत मला या एका क्षणात दिसते. पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस आपल्याकडच्या भुताखेतांत मी तरी ऐकलेला नाही, त्यामुळे आपल्याला तो तसाही परकाच. पण मिसरूड फुटणं आपल्याला ठाऊक आहे. आवाज फुटतो, हातपाय स्वतःच्या मर्जीने लांब होतात, आरशात रोज कोणी वेगळाच उभा असतो. लेखक जेफ लोब आणि मॅथ्यू वाइसमन यांनी लांडग्याला नेमकं तिथे नेऊन बसवलं. (लोब पुढे बॅटमॅनच्या कॉमिक्सचे नावाजलेले लेखक झाले.) गावाला पोराची भीती वाटत नाही, कौतुक वाटतं, आणि कौतुकाने पोरगा जास्त बिघडतो. त्याचा मित्र स्टाइल्स लगेच लांडग्याचे टी-शर्ट विकायला काढतो. प्रशिक्षकाला तर केसांचं काहीच वाटत नाही. त्या गृहस्थाला झोप आणि पत्ते यांविषयीचे स्वतःचे सिद्धान्त सांगण्यात जास्त रस!

स्कॉट झालेला मायकेल जे. फॉक्स तेव्हा २३ वर्षांचा होता. उंची जेमतेम सव्वापाच फूट. बास्केटबॉलच्या मैदानावर उभा राहिला की न बोलताच त्याची अडचण समजते. 'फॅमिली टाइज' या दूरचित्रवाणी मालिकेतून सवड मिळाली तेवढ्यात दिग्दर्शक रॉड डॅनियल यांनी हा छोट्या खर्चाचा चित्रपट उरकला. तो पडद्यावर येण्याआधीच, ३ जुलै १९८५ ला, 'बॅक टू द फ्यूचर' लागला आणि फॉक्सचं नाव घरोघर झालं. सात आठवड्यांनी आलेल्या 'टीन वूल्फ'ने त्या लाटेत हात धुऊन घेतले. इटलीत तर डबिंग करताना स्कॉटचं नावच बदलून 'मार्टी' केलं, 'बॅक टू द फ्यूचर'मधल्या नायकाचं! धंदा म्हणतात तो हा.

तरी चित्रपटातलं सगळ्यात चांगलं दृश्य जिममधलं नाही, घरातलं आहे. स्कॉट बाथरूममध्ये कोंडून बसलाय. नखं वाढलीत, कान टोकदार झालेत. वडील बाहेरून दार ठोठावताहेत आणि पोरगा आतून टाळाटाळ करतोय. अखेर हिय्या करून तो दार उघडतो, तर समोर वडील. तेही लांडगा! जेम्स हॅम्प्टन यांनी हा हार्डवेअरचं दुकान चालवणारा बाप फार मायेने उभा केला आहे. एखाददुसरी पिढी हे टळतं, तुझंही टळेल असं वाटलं होतं, असं तो काहीसं ओशाळून सांगतो. घराण्यातलं टक्कल किंवा मधुमेह मुलाला समजावून सांगणाऱ्या बापाचाच हा स्वर. १९५७ च्या टोनीच्या वाट्याला विश्वासघातकी डॉक्टर आला होता. स्कॉटच्या वाट्याला हा बाप आला.

बाकी चित्रपट सरळ रस्त्याने जातो. देखणी पॅमेला, लहानपणापासूनची मैत्रीण बूफ, गुरगुरणारा प्रतिस्पर्धी मिक. मधला नाचगाण्याचा भाग कंटाळवाणा आहे. अंतिम सामन्यात स्कॉट लांडगा न होता, आपल्या सव्वापाच फुटांनिशी उतरतो. हे आपण आधीच ओळखलेलं असतं आणि मला ते पुरतं पटतही नाही. इतके दिवस लांडग्याच्या जिवावर जिंकणारा हा संघ एका दुपारीत खेळायला शिकला कसा?

पण शेवटचे दोन फ्री थ्रो बघताना तक्रार सुचत नाही. वेळ संपलेली, संघ एका गुणाने मागे. स्कॉट रेषेवर उभा आणि मिक थेट बास्केटखाली येऊन त्याच्याकडे डोळे वटारून बघतोय. घड्याळ शून्यावर असताना त्याला तिथे उभं राहू देणं नियमात बसत नाही, हे बास्केटबॉल खेळलेला कुणीही सांगेल. रेफरी मात्र गप्प. पण ज्यांनी सगळा हंगाम लांडगा चालवून घेतला, त्यांना मिकचं काय!