मधल्या फळीतली मुंगी

फुटबॉल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींना काय आठवतं? रात्री-अपरात्री मोठ्यानं लावलेला टीव्ही, त्यापुढे डोळे ताणून बसलेली घरातली पुरुषमंडळी आणि मधूनच येणारी चहाची फर्माईश! त्या खेळाशी आपला संबंध बहुधा एवढाच. पण मैत्रिणींनो, आज जिची हकिगत सांगणार आहे ती ब्राझीलची बाई हाच खेळ आपल्या देशाकडून थोडीथोडकी नव्हे, सव्वीस वर्षं खेळली.

तिचं पूर्ण नाव मिराइल्देस मासिएल मोता. पण जग तिला ओळखतं ते ‘फॉर्मिगा’ या नावानं. पोर्तुगीज भाषेत फॉर्मिगा म्हणजे मुंगी. मैदानात सगळ्या संघासाठी ती न थकता राबायची, म्हणून लहानपणीच हे नाव पडलं आणि ते कायमचं चिकटलं.

फॉर्मिगा मधल्या फळीत खेळायची. ही मधली फळी म्हणजे काय, ते आधी सांगते. पुढच्या फळीतल्या खेळाडू गोल करतात, त्यांचे फोटो छापून येतात. मागच्या फळीतल्या आणि गोलरक्षक आपला गोल राखतात. या दोघींच्या मध्ये ज्या असतात त्यांना दोन्हीकडची कामं. समोरच्यांच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा, तो नीट पुढे पोचवायचा, आणि पुढचीचा डाव फसला की धावत मागे येऊन भोक बुजवायचं. दिवसभर राबून संध्याकाळी ‘तू केलंस काय?’ असा प्रश्न ऐकणाऱ्या गृहिणीला हे काम वेगळं समजावून सांगायला नको, नाही का?

फॉर्मिगाचा जन्म 3 मार्च 1978 चा, बाईया प्रांतातल्या साल्व्हादोर शहरातला. आता गंमत पाहा. फुटबॉलवेड्या, पेलेच्या ब्राझीलमध्ये 1941 साली सरकारनं फर्मान काढलं होतं, की स्त्रीच्या प्रकृतीशी न जुळणारे खेळ बायकांनी खेळू नयेत. फुटबॉल त्यातच आला. ही बंदी उठली 1979 मध्ये. म्हणजे ही मुलगी जन्मली तेव्हा तिनं फुटबॉल खेळणंच मुळी कायद्याला मंजूर नव्हतं!

कायदा गेला, तरी माणसांची मनं काही एका दिवसात बदलत नाहीत. फॉर्मिगा अगदी तान्ही असताना वडील गेले. घरात थोरले भाऊ. बहिणीनं मुलांबरोबर गल्लीत चेंडू खेळावा हे त्यांना मुळीच रुचेना. त्यापायी तिनं भावांचा मारही खाल्ला. पाठीशी उभी राहिली ती आई. पोरगी खेळते तर खेळू दे, म्हणाली. एका बाईच्या या होकारावर पुढचं सगळं उभं राहिलं.

1995 साली स्वीडनमध्ये महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा फॉर्मिगा सतरा वर्षांची होती. ती तिथे खेळली. त्यानंतर विश्वचषकाची एकही स्पर्धा तिनं चुकवली नाही. 1999, 2003, 2007, 2011, 2015 आणि 2019, अशा एकूण सात. ऑलिंपिकमध्ये महिलांचा फुटबॉल प्रथम आला 1996 साली, अटलांटाला. तिथून टोकियोपर्यंतच्या सातही ऑलिंपिकमध्ये ती होती. 2019 मध्ये फ्रान्समध्ये ती एकेचाळिसाव्या वर्षी उतरली, तेव्हा तिच्या काही सहकारी मुली तिच्या पहिल्या विश्वचषकाच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या.

हे वाचताना वाटेल, कपाट पदकांनी भरलं असेल. पण तसं नाही हं! 2004 ला अथेन्समध्ये आणि 2008 ला बीजिंगमध्ये ब्राझील अंतिम सामन्यात पोचलं, आणि दोन्ही वेळा जादा वेळेत अमेरिकेकडून हरलं. 2007 च्या विश्वचषकात अंतिम सामन्यात जर्मनीनं हरवलं. पॅन अमेरिकन स्पर्धेत सोनं मिळालं, पण ऑलिंपिकचं सोनं आणि विश्वचषक मात्र हाती लागले नाहीत. सर्वांत मोठं बक्षीस तीनदा उंबरठ्यावरून परत गेलं, तरी ही बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला हजर! मला तर सोन्याच्या पदकापेक्षा हेच मोठं वाटतं.

2016 मध्ये तिनं राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. पण तिची जागा भरून निघेना. 2018 मध्ये प्रशिक्षकांनी पुन्हा बोलावलं आणि ती परत आली. याच काळात, 2017 साली, पॅरिस सेंट जर्मेन या नामवंत क्लबनं तिला घेतलं होतं. तेव्हा ती चाळिशीला टेकली होती! 2021 मध्ये या क्लबनं फ्रान्सची लीग जिंकली, आणि लिऑन क्लबची सलग चौदा विजेतेपदांची मालिका तुटली. तेव्हा फॉर्मिगाचं वय त्रेचाळीस.

तिच्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्याशी आपलाही धागा जुळतो, बरं का. 25 नोव्हेंबर 2021 रोजी मानाउस शहरात ती निरोपाचा सामना खेळली, तो भारताविरुद्ध. ब्राझीलनं 6-1 असा विजय मिळवला. पण आपला तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणनं आठव्याच मिनिटाला मारला होता. फॉर्मिगा उत्तरार्धात मैदानात आली आणि साऱ्या प्रेक्षागृहानं तिला निरोप दिला. एकीचा शेवटचा सामना, आणि त्याच मैदानावर आपल्या एका मुलीचा अभिमानाचा क्षण!

2019 च्या विश्वचषकातून ब्राझील बाहेर पडलं तेव्हा संघाची नामवंत खेळाडू मार्ता हिनं डोळ्यांत पाणी आणून देशातल्या मुलींना कळकळीनं सांगितलं होतं, की फॉर्मिगा काही कायमची पुरणार नाही, मीही पुरणार नाही. आता तुम्ही पुढे या. 2027 ची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलमध्येच भरवायचं ठरलं आहे. जिथं बायकांना बंदी होती, त्याच देशात!

आणि आपल्याकडे? इथे कायद्यानं कधी बंदी घातली नाही. ती घरातच घातली जाते, आणि तीही गोड बोलून. ‘उन्हात रंग काळवंडेल’, ‘पाय मोडला तर पुढे लग्न कसं जमणार?’, ‘आता मोठी झालीस, मैदान पुरे’. मुलगी आठवीत गेली की तिची संध्याकाळ क्लासला आणि स्वयंपाकघराला वाटून दिली जाते. भावाचं क्रिकेट मात्र चालूच राहतं.

प्रत्येकीची लेक काही फॉर्मिगा होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण दमेपर्यंत धावणं, हरून घरी येणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं, हे शिक्षण पुस्तकात मिळत नाही. ते संसारातही उपयोगी पडतं आणि नोकरीतही. तेव्हा लेकीला संध्याकाळचा एक तास आणि पायात बसणारे चांगले बूट, एवढं तरी द्या. भाजी निवडायला त्या वेळी भावाला बसवलं तर त्याचंही काही बिघडणार नाही!