72 व्या वर्षी हातात कॅमेरा

“आता या वयात काय शिकायचं?” असे आपल्या आया-आज्या सहज म्हणून जातात. जपानच्या किमिको निशिमोतो यांनी तसे म्हटले नाही. 1928 साली ब्राझीलमध्ये जन्मलेल्या या बाईंनी आधी केशकर्तनाचे काम केले, मग चक्क सायकलच्या शर्यतीत उतरल्या, पुढे संसार. कुमामोतोत थोरला मुलगा फोटोग्राफी शिकवीत असे. 72 व्या वर्षी त्या त्याच्याच वर्गात जाऊन बसल्या. पोटच्या पोराकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही, याचे मला विशेष वाटते. पुढे संगणकही शिकल्या. कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळलेल्या, वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या लटकलेल्या, असे स्वतःचेच फोटो काढून त्यांनी जगाला हसविले. 2025 साली, 97 व्या वर्षी त्या वारल्या.

आपल्या वस्तीत कित्येक आजींचा एकमेव फोटो आधार कार्डावरचा. तोच मोठा करून पुढे भिंतीवर लागतो! घरात मोबाईल आहेच. नातवंडांनी तो आजीच्या हाती द्यावा, टायमर लावायला शिकवावे अन् बाजूला व्हावे. पाठीशी ऊन असले की चेहरा अंधारात जातो. दाराच्या उंबऱ्याशी, उजेडाकडे तोंड करून बसावे. चांगला निघालेला फोटो छापून घ्यावा, मागे नाव आणि साल लिहावे.