वहीतली माहिती जाते कुठे?



आपल्या मंडळ्यांमध्ये कामाची माहिती द्यायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "तुमचे कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर फॉर्म भरत फिरतात, त्या कागदांचं पुढं होतं काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या देणगीचा काही भाग या वह्यांवर, वजनकाट्यांवर आणि कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर खर्च होतो. म्हणून या वेळी त्याविषयीच लिहितो.

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याचे उदाहरण घ्या. अंगणवाडीच्या वहीत एका मुलाचे वजन पावसाळ्यानंतर बरे वाढताना दिसते. दिवाळीनंतरचे तीन-चार रकाने कोरे. होळीच्या सुमारास नोंद पुन्हा सुरू होते, तेव्हा मूल आधीपेक्षा खाली गेलेले असते. डॉक्टर वही पाहून म्हणतात, जंत असतील, जुलाब झाले असतील. त्याच पाड्यात समाजकार्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने पाहणी केलेली असते. तिच्यात लिहिलेले असते की कोणती घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, मुलांना सोबत नेतात आणि होळीला परततात. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोऱ्या रकान्यांचा अर्थ लागतो. अडचण अशी की एक कागद तालुक्याच्या गावी असतो, दुसरा महाविद्यालयाच्या कपाटात, आणि दोघांची गाठ सहसा पडत नाही. औषधाने जंत जातील. पण तळावर मुलाला खाऊ कोण घालणार, याचे उत्तर पहिल्या वहीत कधीच सापडणार नाही.

माहिती एकत्र आणल्याने काय होते, याचा महाराष्ट्रातला उत्तम दाखला म्हणजे 2001 साली प्रसिद्ध झालेला 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने राज्याच्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या 13 स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांतले जन्म आणि बालमृत्यू एकाच पद्धतीने मोजले आणि आकडे एकत्र मांडले. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. एकट्या संस्थेने हे म्हटले असते, तर 'तुमचा भागच तसा' असे उत्तर मिळाले असते. तेरा ठिकाणांहून तेच चित्र आल्यावर तसे म्हणणे अवघड झाले.

यातला 'एकाच पद्धतीने' हा शब्द महत्त्वाचा. जन्मल्यावर तासाभरात गेलेले बाळ पुष्कळदा 'मेलेलेच जन्मले' असे लिहिले जाते, किंवा लिहिलेच जात नाही. आईला शांतपणे विचारावे लागते: बाळ रडलं होतं का? हातपाय हलवले होते का? श्वास घेतला होता का? उत्तर 'हो' असेल तर ते मूल जन्मले होते आणि मग वारले; त्याची नोंद दोन्ही ठिकाणी व्हायला हवी. एका संस्थेने हा प्रश्न विचारला आणि दुसरीने नाही, तर दोघांच्या आकड्यांची बेरीज निरर्थक ठरते. आमच्या प्रशिक्षणात निम्मा वेळ अशा व्याख्यांवरच जातो. नव्या कार्यकर्त्यांना ते कंटाळवाणे वाटते आणि मी त्यांना दोष देत नाही.

गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेचे काम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिथे 39 गावांत गावच्याच शिकवलेल्या स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते. हे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, जगभर तपासले गेले, आणि 2011 पासून आशाताई घरोघर जाऊन नवजात बाळे पाहतात ती राष्ट्रीय योजना त्याच विचारातून आली. निष्कर्ष गडचिरोलीतच राहिले असते तर फायदाही तिथेच राहिला असता.

आदिवासींच्या बाबतीत मात्र देशपातळीवरही माहितीची वानवा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे 10.4 कोटी आदिवासी आहेत, लोकसंख्येच्या 8.6 टक्के. त्यांच्या आरोग्याविषयी केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल 2018 मध्ये आला. समितीची एक मोठी तक्रार हीच होती की आदिवासींची आरोग्यविषयक माहिती वेगळी काढलेलीच नसते; ती सरासरीत बुडून जाते.

इथवर वाचून आपण म्हणाल, मग सगळी माहिती सगळ्यांना देऊन टाका. इथेच थांबायला हवे.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. 1990 च्या सुमारास एका विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्ताचे नमुने घेतले. लोकांना वाटले ते मधुमेहासाठी. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या आणि जमात मुळात कुठून आली याच्या अभ्यासासाठी वापरले गेले. आपण याच दरीतले, अशी त्या लोकांची श्रद्धा. आणि त्यांच्याच रक्तावरून कोणी परस्पर सांगू लागले की तुम्ही बाहेरून आलात. प्रकरण कोर्टात गेले. 2010 मध्ये तडजोड झाली, विद्यापीठाने 7 लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त जमातीला परत केले. पैशापेक्षा रक्त परत मिळणे त्यांना मोठे वाटले असेल, असे मला वाटते.

आपल्याकडे हाच धोका सिकलसेलच्या निमित्ताने दारात आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांखालील 7 कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. तपासणी हवीच. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पण वाहक व्यक्ती स्वतः बहुधा निरोगीच असते, आणि पाड्यावर हा फरक समजावून सांगणे सोपे नाही. 'पोरीच्या रक्तात दोष आहे' एवढीच बातमी शेजारच्या गावी पोचली की तिचे जुळत आलेले लग्न मोडू शकते. मुलाच्या बाबतीत तेवढी चर्चा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तपासणीचा अहवाल प्रयोगशाळा देते; तो कोणाच्या हाती, कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत द्यावा हे मात्र तिथली सोयरीक कशी जुळते ते जाणणाराच सांगू शकेल. वैद्यकाला समाजशास्त्राची गरज इथे सर्वांत जास्त आहे.

नाव खोडले की माहिती सुरक्षित झाली, हाही एक गैरसमज. चाळीस घरांच्या पाड्यात 'विधवा, वय 32, तीन मुले, वाहक' एवढे लिहिले तरी ती कोण हे सगळ्यांना कळते. म्हणून बाहेर देताना आम्ही पाड्याचे नावही काढतो, वयाचे गट करतो आणि फार छोटे आकडे शेजारच्या पाड्यांत मिळवून मांडतो. नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात असते. कोणी अभ्यासक माहिती मागायला आले तर नीतिसमितीची मान्यता पाहतो आणि कशासाठी हवी ते लेखी घेतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आदिवासींवरचे संशोधन त्यांच्या हिताचे असायला हवे आणि संमती घेताना गावातले जाणते व स्थानिक भाषा जाणणारे लोक सोबत हवेत. कारभाऱ्याने मान डोलावली म्हणून घरातल्या बाईची संमती झाली, असे मात्र नव्हे. तिला वेगळे विचारावेच लागते, आणि तिच्या बोलीत.

राहिली शेवटची पायरी, जी अभ्यासक बहुतेकदा गाळतात: गावाला परत सांगणे. आम्ही होळीनंतर, लोक परतलेले असताना, पाड्यावर बसून आकडे वाचून दाखवतो. वाचता न येणाऱ्यांसाठी खडे मांडतो. जन्मलेल्या प्रत्येक बाळामागे एक खडा, गेलेल्यामागचा उचलायचा. या वेळी एका आजीने विचारले की दवाखान्यात नेलं की नाही एवढंच तुम्ही लिहिता, गाडी किती वेळानं आली ते का लिहीत नाही? पुढच्या फॉर्ममध्ये तो रकाना घातला आहे.