गाडी शिकताना छाती का धडधडते?

सकाळी लवकर पुंडलिकनगरच्या रस्त्यावर फिरायला निघालो की लाल 'एल' लावलेली एखादी गाडी हळूहळू जाताना दिसते. स्टिअरिंग घट्ट धरलेले, खांदे आवळलेले. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला की गाडी जागेवर बंद. चार-सहा दिवस असेच गेले की आपल्या ताई, वहिनी क्लास सोडून देतात. "मला नाही जमणार," एवढेच सांगतात. घरात पहिल्यांदाच चारचाकी आलेली असते, त्यामुळे धीर देणारे अनुभवी माणूसही जवळ नसते.

ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे आम्हाला आधी सांगायचे आहे. धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनालिन वाढते. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, श्वास उथळ होतो आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. अशा वेळी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडू शकतो. गाडी पळाली की माणूस आणखी घाबरतो आणि तोच पाय आणखी जोरात दाबतो.

जून 2024 मध्ये खुलताबाद तालुक्यातील सुलीभंजन येथे असेच घडले. आपल्याच शहरातील एक तरुणी डोंगरावर गाडी चालवून पाहत होती आणि सोबतचा मित्र बाहेर उभा राहून व्हिडिओ काढत होता. गाडी रिव्हर्समध्ये वेगाने मागे गेली, दरीत कोसळली आणि तिचा जीव गेला. त्या लेकीला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. गाडी कुठे शिकावी आणि शेजारी कोण असावे, याचा विचार प्रत्येक घराने करावा म्हणून लिहितो.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे शिकाऊ चालकाच्या शेजारी लायसन्सधारक बसलेला हवा आणि त्याला गाडी थांबवता आली पाहिजे. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, म्हणून सुरुवात तिथेच करावी. घरची गाडी नंतर घ्यावी.

भीती टाळल्याने वाढते आणि एकदम अंगावर घेतल्यानेही वाढते. ती पायरीपायरीने कमी होते. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवूनच सीट, आरसे आणि पायाखालचे तीन पेडल ओळखून घ्या. डावा पाय फक्त क्लचसाठी. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. मग मोकळ्या, सपाट मैदानावर पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी सरकवा आणि थांबवा. त्यानंतर सकाळची शांत गल्ली, मग पुंडलिकनगरचा मुख्य रस्ता आणि सगळ्यात शेवटी संध्याकाळचा जालना रोड. एका पायरीवर छाती धडधडणे कमी झाले की पुढची घ्या. रोज अर्धा तास पुरे.

गाडी सुरू करण्याआधी चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. असे पाच वेळा करा. आनापानाचा सराव असणाऱ्यांना हे सोपे जाईल. मात्र चालत्या गाडीत लक्ष रस्त्यावरच हवे. गाडी बंद पडली तर ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, एक श्वास घ्या आणि पुन्हा सुरू करा. मागचा थांबेल.

प्रत्येक धडधड भीतीचीच असते असेही नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर उतरली तरी असाच घाम, थरथर आणि धडधड होते. म्हणून उपाशीपोटी क्लासला जाऊ नका आणि साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवा. तसे वाटले तर गाडी लगेच बाजूला घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन स्टिअरिंगवर बसू नका. भीतीसाठी मनानेच गोळी घेऊ नका. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर डॉक्टरांना दाखवा. दिवसाउजेडी 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हेही पाहून घ्या. चाळिशीनंतर तर डोळे तपासूनच घ्यावेत.

शेजारी बसणाऱ्या घरच्यांना एक विनंती. ओरडू नका. "अगं, काय करतेस!" या एका वाक्याने आठवडाभराची मेहनत वाया जाते. "ब्रेक दाब", "क्लच सोड" अशा छोट्या, शांत सूचना द्या.

घाईचेही कारण नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा 30 दिवसांनंतर देता येते. शेजारणीला महिन्यात आले आणि तुम्हाला चार महिने लागले, तरी बिघडत नाही. उद्या मध्यरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर किती दिवसांत शिकलात हे कुणी विचारणार नाही. तेव्हा चावी शांत हातात असली म्हणजे झाले.