उन्हाची मात्रा मोजता येत नाही

वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. मग सोरायसिससाठी दवाखान्यातल्या दिव्यांपुढे कशाला उभे राहायचे, असे आजोबा विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही. यंत्रातील नळ्या ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण मोजून देतात. सुरुवात थोड्या वेळाची, मग हळूहळू वाढ. कोडावर बावचीचे तेल लावून उन्हात बसणाऱ्यांच्या अंगावर फोड येतात, ते याच बेहिशेबीपणामुळे.

उतारवयात मोठा लाभ हा, की मेथोट्रेक्सेटसारखा यकृतावर भार पडत नाही. मात्र रक्तदाबाच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. म्हणून चालू गोळ्यांची सगळी पाकिटे सोबत न्यावीत. किरण रोखणारा चष्मा हवाच.

खरी अडचण फेऱ्यांची. आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने तेल्हारा-पातूरहून यायचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे. पण सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. मग चट्टे जरा फिके पडताच येणे थांबते. खंड पडलाच, तर किती दिवसांचा ते सांगावे. मात्रा कमी करूनच पुन्हा सुरू करावी लागते.