‘डाऊनलोड केली’चं इंग्रजी काय?

सांगलीत एका सीएच्या ऑफिसात काम करणारी माझी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात मोबाइल पुढे करत आली. मुंबईच्या पार्टीने पाठवलेली एक्सेल फाईल उघडत नव्हती आणि तसं त्यांना इंग्रजीत कळवायचं होतं. तिने लिहिलं होतं : ‘आय हॅव डाऊनलोड द फाईल बट इट इज नॉट ओपनिंग.’ पाठवायच्या आधी तिने विचारलं, ‘‘सर, शब्द तर सगळे बरोबर आहेत. मग वाचताना खडा लागल्यासारखं का होतंय?’’

शब्द बरोबर असणारच. ते ती दिवसभर तोंडात घोळवते. फाईल डाऊनलोड केली, सेव्ह केली, फॉरवर्ड करते, नको असेल तर डिलीट करीन. गंमत अशी की या सगळ्या वाक्यांत इंग्रजी क्रियापदाला कामच नाही. काळ, लिंग, वचन, सगळं ओझं आपलं ‘करणे’ वाहतं. ‘डाऊनलोड’ घोड्यावरच्या नवरदेवासारखा नुसता बसलेला, वरात ओढतंय ते ‘करणे’. त्यामुळे कॉम्प्युटर वापरणाऱ्या मराठी माणसाला इंग्रजी क्रियापदं शे-दीडशे सहज येतात, पण प्रत्येकाचं एकच रूप येतं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही अडचण सुटलेली नाही, कारण ही शब्दांची कमतरता नाहीच. शब्द घरात आहेत, त्यांना चालायला शिकवायचंय.

म्हणून सरावाची सुरुवात मी इथून करतो : ‘करणे’ काढून घ्यायचं. ‘डाऊनलोड केली’ म्हणजे डाऊनलोडेड. ‘डाऊनलोड करतोय’ म्हणजे अ‍ॅम डाऊनलोडिंग. ‘डाऊनलोड केलेली आहे’ म्हणजे हॅव डाऊनलोडेड. कॉम्प्युटरची क्रियापदं या कामाला फार सोयीची आहेत, कारण बहुतेक सगळी सरळ चालीची : सेव्ह्ड, क्लिक्ड, अपलोडेड. आडमुठी थोडी. सेंडचं सेंट होतं. कट, सेट, रीसेट तिन्ही रूपांत जागचे हलत नाहीत. लॉग इन, बॅक अप, सेट अप यांचा मात्र काटा वेगळा. सुटं लिहिलं की क्रियापद, जोडून लिहिलं की नाम. म्हणून ‘आय लॉग्ड इन’ होतं. ‘लॉगिन्ड’ असा शब्द मी ऐकला आहे, पण तो इंग्रजीत नाही.

‘करणे’च्या जोडीला ‘होणे’ येतं आणि तिथे कर्मणी प्रयोग सुरू होतो. शाळेत आपण तो रामरावणावर शिकलो : रामाने रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला. व्याकरण ठीक, पण असं कोण बोलतं? खरा कर्मणी प्रयोग स्क्रीनवर भेटतो. ‘युअर पासवर्ड हॅज बीन चेंज्ड.’ ‘यू हॅव बीन लॉग्ड आऊट.’ यात ‘बाय’ कुठेच नाही. कोणी बदलला, कोणी बाहेर काढलं, यंत्राला सांगायचं नाही किंवा सांगायची गरज नाही. करणाऱ्याचं नाव गाळायचं असतं तेव्हाच तर हा प्रयोग उपयोगी पडतो. आपणही ‘फाईल डिलीट झाली’ म्हणतो तेव्हा दुसरं काय करतो? ‘मी डिलीट केली’ म्हणायला साहेबांसमोर धीर लागतो. पैसे अडकले की येणारा ‘पेमेंट फेल्ड’ हा निरोप तर याच्याही पुढचा. तिथे कर्मणी नाही, सरळ कर्तरी : बँक नाही, अ‍ॅप नाही, पेमेंटच नापास झालं.

आता तिच्या वाक्याचा उत्तरार्ध. ‘इट इज नॉट ओपनिंग’ याला चूक म्हणणार नाही, आपल्याकडे ते सर्रास चालतं. पण इंग्रज इथे ‘इट वोन्ट ओपन’ म्हणेल. पुस्तकात ‘विल’ म्हणजे भविष्यकाळ असं शिकवतात, आणि मग हे वाक्य ‘ती उघडणार नाही’ असं वाटून पोरं गोंधळतात. इथे भविष्यकाळ नाही, हट्ट आहे. किल्ली फिरवतोय, दार ढकलतोय, पण ते ऐकत नाही. आणि या हट्टासाठी मराठीत अगदी तयार रूप आहे : उघडेना. फाईल उघडेना, प्रिंटर चालेना, ओटीपी येईना. ‘वोन्ट’चा हा अर्थ समजवायला मी आधी दोन तास घालवत असे. ‘उघडेना’ सुचल्यापासून दोन मिनिटं पुरतात.

मराठीचा असाच आधार ए, अ‍ॅन आणि द या त्रिकुटालाही घेता येतो. आपल्याकडे ते नाहीत, त्यामुळे एकतर गाळले जातात किंवा मिठासारखे वाटेल तिथे भुरभुरले जातात. मी सांगतो, मराठी वाक्यात ‘एक’ खपतंय का बघा, की ‘तो-ती-ते’ खपतंय? ‘एक नवी टॅब उघड’ : ए न्यू टॅब. ‘ती टॅब बंद कर’ : द टॅब. दरवेळी जमेल असं नाही, पण दहातल्या सात वेळा हात धरून नेतं. सरावाला मेन्यूसारखी जागा नाही, कारण तिथे जागा वाचवायला हे शब्द मुद्दाम गाळलेले असतात. ‘ओपन लिंक इन न्यू टॅब’, ‘फाईल नॉट फाउंड’ ही तारेची भाषा आहे. वहीत ती पूर्ण वाक्यात लिहायची : ओपन द लिंक इन ए न्यू टॅब. द फाईल वॉज नॉट फाउंड. रोज पाच निरोप असे दुरुस्त केले तर महिन्यात दीडशे वाक्यं होतात, आणि गाईड विकत घ्यावं लागत नाही.

गाळण्याची सवय इंजिनिअरांना पूर्वीपासूनची. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राच्या रिलेत एक पाखरू अडकलेलं सापडलं. तंत्रज्ञांनी ते नोंदवहीत चिकटपट्टीने डकवलं आणि शेजारी लिहिलं की ‘बग’ सापडल्याची ही पहिली ‘अ‍ॅक्चुअल’ घटना. त्या इंग्रजी ओळीत ‘बग’च्या आधीचा ‘ए’ राहून गेला आहे. ‘बग’ हा शब्द त्या पाखरामुळे आला असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. एडिसन १८७८ मध्येच यंत्रातल्या खोडीला बग म्हणत होता. म्हणून तर नोंदीत ‘अ‍ॅक्चुअल’ आहे : इतके दिवस नुसता म्हणायचा किडा, आज खराखुरा. एका विशेषणावर सगळा विनोद उभा आहे.

बहुवचनाचं एक दुखणं मात्र आपलं खास. ‘ऑफिसात दोन सॉफ्टवेअर्स आहेत.’ चांगले शिकलेले लोक असं लिहितात. जॉन ट्युकी या गणितज्ञाने १९५८ मध्ये ‘सॉफ्टवेअर’ छापील लेखात वापरला तो ‘हार्डवेअर’च्या जोडीला म्हणून. आणि हार्डवेअर म्हणजे काय, ते आपल्या प्रत्येक तालुक्याच्या पेठेत पाटीवर लिहिलेलं आहे : खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे यांचं दुकान. दहा किलो खिळे घेतले तरी कोणी ‘हार्डवेअर्स’ घेतली म्हणत नाही. तो माल आहे. सॉफ्टवेअरही माल. मोजायचंच असेल तर टू प्रोग्रॅम्स म्हणा किंवा टू पीसेस ऑफ सॉफ्टवेअर. इन्फर्मेशन आणि इक्विपमेंट यांचीही गत तीच.

हे सगळं एका जागी घोटायचं असेल तर तक्रार लिहावी. सॉफ्टवेअरच्या धंद्यात बग कळवायची तीन भागांची रीत आहे : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. परीक्षेच्या फॉर्मवर फोटो चढेना? मग लिहा. ओपन द फॉर्म. सिलेक्ट ए फोटो. क्लिक सबमिट. इथे आज्ञार्थ. द फोटो शुड अपिअर ऑन द फॉर्म. इथे ‘शुड’. द पेज वेंट ब्लँक. साधा भूतकाळ. पाच वाक्यांत तीन धडे, आणि तक्रार खरी असल्यामुळे मन लावून लिहिली जाते. आज्ञार्थाचा आग्रह जाणत्यांनाही आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली सुरू केलेल्या ‘गिट’ या प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नियमांत आपण केलेला बदल ‘फिक्स्ड’ असा नव्हे तर ‘फिक्स’ असा आज्ञार्थी लिहायला सांगितलं आहे. हिंजवडीतले कित्येक प्रोग्रॅमर हा नियम रोज मोडतात.

त्याच गिटमध्ये ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल उलटवून जुन्या स्थितीवर जाणं. आपल्या ऑफिसांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. परदेशातल्या प्रोग्रॅमरला असं कळवलंत आणि त्याने तुमचं आठवड्याचं काम मागे फिरवलं, तर त्याला दोष देऊ नका.

सांगलीच्या मेलचं सांगायचं राहिलं. शेवटी गेला तो असा : ‘आय डाऊनलोडेड द फाईल, बट इट वोन्ट ओपन. कुड यू सेंड इट अगेन?’ अर्ध्या तासात फाईल पुन्हा आली. तिने आपणहून उत्तर लिहिलं, ‘थँक यू. इट ओपन्ड.’ मी विचारलं, ‘‘इथे कर्मणी का नाही केलंस?’’ ती म्हणाली, ‘‘आता तिचीच ती उघडली की, सर.’’